मागच्या खोलीचं छत

१

छत पडलं ते सकाळी, घरातले सगळे जागे असताना. वरच्या मजल्यावरच्या मागच्या खोलीतला गिलावा सुटला आणि दाराच्या फळीएवढा तुकडा थेट बाळाच्या खाटेवर आला. खाटेत बाळ नव्हतं. रडून रडून त्याने घर डोक्यावर घेतलं होतं, म्हणून त्याची आई नुकतीच त्याला खाली स्वयंपाकघरात घेऊन गेली होती. धूळ खाली बसते न बसते तोच त्या घरात एकाच गोष्टीची शोधाशोध सुरू झाली. माझ्या भावाच्या रिपोर्टची.

दादा घरं तपासतो. घर विकत घेण्याआधी लोक त्याला बोलावतात. तो भिंती ठोकतो, नळ सोडतो, कोपऱ्यात नाक खुपसतो आणि घरात काय दुखतंय खुपतंय ते लिहून देतो. त्या घराच्या रिपोर्टात लिहिलं होतं : 'वरचा मजला, मागची खोली. छत कोरडे. डाग नाही, तडा नाही.' शेजारी पांढऱ्याशुभ्र छताचा फोटो आणि शेवटच्या पानावर दादाची सही.

गिलावा पडल्यावर आतल्या सळ्या दिसल्या, त्या गंजून फुगल्या होत्या. ती ओल दोन-चार महिन्यांची नव्हती, कित्येक वर्षांची होती. आता सरळ हिशेब झाला. एक तर दादाला दिसत नव्हतं, नाहीतर त्याने विकणाऱ्याकडून पाकीट घेतलं होतं. दादाची नजर घारीची आहे हे सगळ्या गावाला माहीत, त्यामुळे लोकांनी पाकीट पक्कं केलं. परवाना देणाऱ्यांची चौकशी समिती बसली, आणि तिच्या सुनावणीच्या आदल्या दिवसाची ही गोष्ट. लाच सिद्ध झाली तर परवाना कायमचा जाणार होता आणि वर खटला.

मी दादाचा धाकटा भाऊ. आमच्या छोट्याशा ऑफिसात मी फोन घेतो, लोकांना वेळा देतो आणि वहिनींच्या मते उरलेल्या वेळात खुर्ची झिजवतो. फोटो आणि टिपणं दादा आणून टाकतो, त्यांचा रिपोर्ट लावतात त्या वहिनी. एकेक खोली वेगळी करायची, फोटोखाली फोटोचंच वर्णन येईल असं बघायचं, घर घेणाऱ्याला बोट ठेवून वाचता यावं असं मांडायचं. ह्यात त्यांचा हात धरणारं कोणी नाही.

"तू काय बघितलंस तेवढं सांग," मी दादाला दहादा विचारलं.

"आठवत नाही," असं म्हणून तो भिंतीकडे बघत बसला. दादाला प्रत्येक घराची मोरी आठवते. मला त्याला गदागदा हलवावंसं वाटलं.

वहिनी मात्र रिपोर्टची पानं सुटी करून टेबलावर पसरत होत्या. मी येरझाऱ्या घालून त्यांना वात आणला होता.

"भावजी, जरा एका जागी उभे राहा," त्या म्हणाल्या. "आणि ही दोन छतं बघा. काय दिसतंय?"

मी दोन्ही फोटो जवळ ओढले.

२

एक फोटो वरच्या पुढच्या खोलीचा होता, दुसरा मागच्या खोलीचा. दोन्हींत पांढरं छत आणि मध्ये पंखा. शेजारी शेजारी ठेवले तर दोन वेगळी छतं वाटत होती. वहिनींनी त्यातला एक उलटा फिरवला, खालची बाजू वर. आता पंख्याची पाती सारखी झाली. पंख्याच्या दांड्याजवळ रंगाचा एक पोपडा उडाला होता, कडेला चावा घेतलेल्या बिस्किटासारखा. तो दोन्ही फोटोंत होता, त्याच जागी.

"छताला वर-खाली नसतं," वहिनी म्हणाल्या. "एकाच खोलीत उभं राहायचं. एकदा खिडकीकडे तोंड करून फोटो काढायचा, एकदा दाराकडे. झाली दोन छतं."

"म्हणजे मागच्या खोलीच्या छताचा फोटो नाहीच?"

"नाही. आहे तो पुढच्या खोलीचाच, दोनदा. आणि हे चुकून होत नाही."

मी खाली बसलो. सकाळपासून मला वाटत होतं की वहिनी काहीतरी शोधून काढतील आणि दादा सुटेल. त्यांनी शोधलं, पण फास आणखीच आवळला. कॅमेरा दादाचा होता आणि सहीही दादाचीच.

"हे कोणाला दाखवू नका," मी म्हणालो.

"आधी मला तर कळू दे." त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, पण गोळा केलेली पानं त्या पुन्हा पुन्हा मोजत होत्या. नवऱ्यावर इतका विश्वास असलेली बाई मी दुसरी बघितलेली नाही, त्यामुळे ते बघवेना.

"कॅमेरा आणा," त्या म्हणाल्या. "मी लावलेला रिपोर्ट नको आता. फोटो ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने बघायचेत."

त्यांनी पडद्यावर फोटो एकामागून एक सरकवायला सुरुवात केली. खालचा मजला झाला, जिना आला. वरच्या मजल्यावर येताच त्यांचं बोट थांबलं. त्या मागे गेल्या, पुन्हा पुढे आल्या. मग उठून पायात चपला सरकवल्या.

"काय झालं?"

"माझीच कारागिरी नडली," त्या म्हणाल्या. "चला, ते घर बघून येऊ. वाटेत दलालालाही गाठू."

३

घराचा व्यवहार जमवणारा दलाल आपल्या दुकानाच्या पायरीवरच सापडला. हा माणूस इतका गोड बोलतो की ऐकणाऱ्याचे दात किडावेत. माझा संशय पहिल्यापासून त्याच्यावर होता, आणि खरं सांगायचं तर तोच निघावा अशी माझी इच्छा होती.

"मी आत गेलोच नाही हो, वहिनीसाहेब," तो म्हणाला. "तुमच्या साहेबांना दारात सोडलं आणि गाडीत फोनवर बसलो. त्यांच्या कामात लुडबूड केलेली त्यांना खपत नाही. बाहेर आले तेव्हा एवढे घामाघूम होते की मीच त्यांना घरी सोडलं."

"घामाघूम? त्या दिवशी तर गारठा होता," वहिनी म्हणाल्या.

"म्हणून तर लक्षात राहिलं."

मला त्याची गचांडी धरायची होती, पण वहिनी आभार मानून चालूही लागल्या होत्या.

त्या घरात बाळाच्या आईने दार उघडलं. बाळ तिच्या खांद्यावर झोपलं होतं. छत पडल्यापासून तिने त्याला खाली ठेवलं नसावं, असं तिच्या एका बाजूला कललेल्या अंगावरून वाटत होतं. आम्ही कोण ते कळल्यावर तिचा चेहरा दगडासारखा झाला.

"तुम्ही त्यांच्या घरचे. मग इथे कशाला आलात?"

"खरं काय ते शोधायला," वहिनी म्हणाल्या. "ते आमच्याविरुद्ध गेलं तरी तुम्हाला सांगेन."

तिने थोडा वेळ वहिनींकडे बघितलं आणि वाट दिली. जिना अरुंद आणि उभा होता, एका बाजूला कठडाच नव्हता. वर मागच्या खोलीत ढिगारा तसाच पडला होता. खाट एका अंगाला वाकली होती. मी दुसरीकडे बघितलं.

वहिनींचं लक्ष मात्र दाराकडे होतं. "हे बंद करा बरं, भावजी."

मी लोटलं. दार चौकटीपाशी येऊन अडलं. खांदा लावला, लाथही घातली, पण ते हलेना.

"ते बंद होत नाही," बाळाची आई म्हणाली. "आलो त्या दिवसापासून. ओलीने फुगलंय. आम्ही नाद सोडलाय, सुतार यायचाय."

वहिनींनी पिशवीतून एक फोटो काढून तिच्या हातात दिला. तो ह्याच दाराचा होता. दार चौकटीत घट्ट बसलेलं होतं, कडेला फटसुद्धा नव्हती.

"हे कसं काय?" बाळाची आई म्हणाली.

"तेच विचारायला आता घर विकणारीकडे जायचंय."

४

घर विकणारी बाई इस्पितळात नर्स होती, आता निवृत्त. तिला सगळे सिस्टर म्हणतात. आमच्या भागातल्या निम्म्या लोकांना तिने सुया टोचल्या आहेत, पण वाईट बोलणारा एकही सापडायचा नाही. घर विकून ती लेकीच्या शेजारी दोन खोल्यांत राहायला गेली होती. आम्हाला बघताच तिने पलंगावरची कपड्यांची चळत उचलून जागा केली.

"माझ्या जिवाला चैन नाही हो," ती म्हणाली. "ते बाळ आठवलं की घास उतरत नाही."

"छताची ओल तुम्हाला माहीत होती?" मी विचारलं. वहिनींनी माझ्या पायावर पाय दिला, पण तोवर उशीर झाला होता.

"जुनं घर, थोडीफार ओल असायचीच. पण ते इतकं पोखरलंय हे मला कसं कळणार? तपासायला तुमचे दादा आलेच होते ना. त्यांनी सगळं घर हिंडून बघितलं. मी आपली खाली भांडी बांधत होते. फार सज्जन माणूस. पाणी तेवढं मागितलं."

"हे वर किती वेळ होते?" वहिनींनी विचारलं.

"होते बराच वेळ. घड्याळ कोण बघतंय?"

"आणि त्या मागच्या खोलीचं दार? त्या बिचाऱ्यांना ते बंदच करता येत नाही."

सिस्टर हसली. "त्याला युक्ती आहे. कडी धरून वर उचलायचं आणि खालून पायाने रेटायचं. माझ्या लेकीलासुद्धा जमलं नाही कधी."

आम्ही निघालो तेव्हा सिस्टर दारापर्यंत आली आणि वहिनींचा हात हातात घेतला.

"दादांना जपा. झोप लागते का त्यांना? कुशीवर वळताना त्रास होतो अजून?"

"होतो," वहिनी म्हणाल्या.

रस्त्यावर आल्यावर त्या तरातरा चालू लागल्या. मला गाठता गाठता धाप लागली.

"अहो वहिनी, झालं काय?"

"हे गेले कित्येक दिवस दोन उशा लावून, बसल्यासारखे झोपतात. मी विचारलं तर म्हणाले, पित्त होतंय." त्या थांबल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि रागही होता. "कुशीवर वळताना त्रास होतो हे मला माहीतच नव्हतं, भावजी, मी नुसतं हो म्हटलं. त्या बाईला माहीत आहे."

५

दादा ऑफिसात तसाच बसला होता, भिंतीकडे तोंड करून. वहिनींनी त्याच्यासमोर खुर्ची ओढली.

"अहो, मी बोलते. चुकलं तर थांबवा." त्याने मान हलवली नाही, तेव्हा त्या माझ्याकडे वळल्या, पण ऐकायचं होतं ते त्यानेच.

"भावजी, ह्यांची फोटो काढायची पद्धत तुम्हाला ठाऊक आहे. खोलीत शिरायचं, चार भिंती, जमीन, छत. मग बाहेर येऊन दार ओढून घ्यायचं आणि बंद दाराचा फोटो काढायचा. बंद दार म्हणजे ती खोली संपली. म्हणजे मला लावताना कळतं कुठे तोडायचं ते. आमच्या दोघांतलीच खूण आहे ती."

"ठाऊक आहे."

"त्या घरात खालच्या सगळ्या खोल्यांत दार शेवटी आहे. वरच्या दोन्ही खोल्यांत दार आधी आहे आणि मग आतले फोटो. लावताना मला ते दिसलं होतं. मला वाटलं घाई झाली असेल. मी गुपचूप दारं उचलून शेवटी नेऊन बसवली आणि रिपोर्ट गोजिरवाणा केला. आज सुटे बघितले तेव्हा कळलं की मी काय झाकलं ते. दाराचा फोटो काढायचा हे वरचे फोटो काढणाऱ्याला माहीत होतं, पण कशासाठी काढायचा हे माहीत नव्हतं. त्याने खाली ह्यांना काढताना बघितलं असणार. ह्यांचा हात असा चुकणार नाही. झोपेतसुद्धा नाही."

मी उठून उभा राहिलो. "म्हणजे वर दुसरंच कोणी गेलं होतं?"

"अजून ऐका. हा खालच्या मजल्याचा मजकूर. 'कोपऱ्यात कुबट वास.' 'ठोकल्यावर पोकळ आवाज.' 'खिडकी उघडताना करकरते.' आता वरचा. 'भिंत पांढरी.' 'खिडकीला काच आहे.' 'छत कोरडे.' वास नाही, आवाज नाही, कशाला हात लावलेला नाही. जे फोटोत दिसतं तेवढंच. आणि ते दार. ह्यांनी ते ओढलं असतं तर 'दार अडकते' हे लिहिल्याशिवाय राहिले असते का? वरचा मजला ह्यांनी फोटो बघून इथे बसून लिहिलाय."

दादाने डोळे मिटले होते.

"फोटोत ते दार घट्ट बंद आहे. ते बंद करायची युक्ती दलालाला माहीत असायचं कारण नाही. लेकीला ती जमत नाही. जमते एकीलाच. ओल कुठे आहे हेही तिलाच माहीत होतं. म्हणून भिंतींचे फोटो तिने मागच्या खोलीचेच काढले, छताचा मात्र पुढच्या खोलीत परत जाऊन काढला." वहिनी नवऱ्याकडे वळल्या. "आता एकच उरतं. तुम्ही तिच्या हातात कॅमेरा का दिलात, हे मला तुमच्या तोंडून ऐकायचंय."

दादा बोलला, अगदी हळू.

"मान वर केली की सगळं फिरतं. बरेच महिने झाले. छताचा फोटो मी न बघताच, हात वर करून काढतो आणि मग पडद्यावर मोठा करून बघतो. चालून जात होतं. त्या दिवशी जिन्याच्या मध्यावर वर बघितलं आणि पायच गेले. तिने धरलं, पायरीवर बसवलं, पाणी दिलं. म्हणाली, तुम्ही हलू नका, मी काढून आणते फोटो, कोणाला सांगणार नाही. मी दिला कॅमेरा." त्याने तोंडावरून हात फिरवला. "मान वर करता येत नाही अशा माणसाला घर तपासायला कोण बोलावेल?"

"मला सांगायचं," वहिनी म्हणाल्या.

"तुला सांगितलं असतं तर तू मला घरी बसवलं असतंस."

"हो. बसवलं असतं."

माझं डोकं मात्र भलत्याच दिशेने पळत होतं. "ऐका माझं," मी म्हणालो. "लाचेचा पुरावा कोणाकडेच नाही. फोटो लावताना चूक झाली, एकच छत दोनदा आलं, एवढंच सांगायचं. दंड होईल, ताकीद मिळेल. परवाना वाचेल. आणि सिस्टर काही तोंड उघडणार नाही. तिचं बिंग फुटेल."

वहिनींनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी मेल्याहून मेलो. पण त्या दादाला काही म्हणाल्या नाहीत. सुटी पानं त्यांनी त्याच्यापुढे ठेवली आणि दिवा न लावताच घरी निघून गेल्या.

६

समितीच्या दालनात लांब टेबलामागे तीन माणसं बसली होती. वहिनींनी सिस्टरला निरोप धाडला होता आणि ती आली होती, मागच्या बाकावर, पदराआड तोंड धरून. बाळाची आई बाळाला घेऊन दाराजवळ उभी होती. मी बसलेला नव्हतोच. मला बसवत नव्हतं.

अध्यक्षांनी विचारलं, "मागच्या खोलीचं छत तुम्ही बघितलं होतं का?"

मी दादाच्या तोंडाकडे बघत होतो. 'हो, फोटो लावताना चूक झाली,' इतकं म्हटलं की झालं.

"नाही," दादा म्हणाला. "वर मी गेलोच नाही. मला चढता आलं नाही."

मग त्याने सगळं सांगितलं, वहिनींनी लावलं होतं त्याच क्रमाने, एकही फोटो न वगळता. सिस्टरचं नाव त्याने घेतलं नाही, पण 'दुसऱ्या व्यक्तीने' असं म्हटल्याबरोबर तीच उठली. "ती व्यक्ती मी," ती म्हणाली. "दोन गिऱ्हाइकं त्या ओलीपायी परत गेली होती. घर सोडताना मी डागांवर रंगाचा हात मारला. मला वाटलं, नवीन माणसं आहेत, सावकाश दुरुस्त करून घेतील. ती खोली बाळाला देतील हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं." पुढे तिला बोलवेना. एका माणसाने तिला बाजूच्या खोलीत नेलं. तिथे तिचा जबाब लिहून घेणार होते.

"पण सही का केलीत?" अध्यक्षांनी विचारलं.

"भीतीने," दादा म्हणाला. "दुसरं कारण नाही."

लाचेचा आरोप त्यांनी तिथल्या तिथे काढून टाकला. परवानाही काढून घेतला. न बघितलेल्या खोलीवर सही करणाऱ्याला तो परत मिळत नाही, हे दादाला आमच्यापेक्षा चांगलं माहीत होतं. त्याने परवान्याचं कार्ड खिशातून काढून टेबलावर ठेवलं आणि बाहेर येऊन व्हरांड्यातल्या बाकावर बसला. वहिनी त्याच्या शेजारी बसल्या, अगदी खेटून. एवढ्या दिवसांत मी त्यांना तसं बसलेलं बघितलं नव्हतं.

बाळाची आई बाहेर आली. ती सरळ जाईल असं मला वाटलं, पण ती दादासमोर येऊन थांबली.

"तुम्ही पैसे खाल्ले असते तर बरं झालं असतं," ती म्हणाली. "मला निदान धड राग तरी धरता आला असता."

दादाने उत्तर द्यायला मान वर केली. तिच्या तोंडाकडे बघायचं म्हटल्यावर दुसरा उपाय नव्हता. त्याबरोबर त्याचे डोळे फिरले, हात हवेत काहीतरी शोधू लागला आणि तो एका अंगाला कलला. वहिनी सावरायला वळणार तेवढ्यात त्या बाईने बाळ दुसऱ्या खांद्यावर टाकलं आणि मोकळ्या हाताने त्याचा दंड घट्ट धरला. राग तिच्या चेहऱ्यावर तसाच होता. तो नीट बसेपर्यंत तिने दंड सोडला नाही.